बुडबुडे थांबेपर्यंत

माझ्या धाकट्या दिराला या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडते. ही घडलेली गोष्ट आहे. आणि घडलेल्या गोष्टीत भूत कुठून आलं यापेक्षा ते कुणाच्या पथ्यावर पडलं, हे आधी विचारावं असं माझं मत आहे.

भावोजींना बँडमधली जागा टिकवायची होती.

एवढंच.

आमचे हे म्हणतात, "तू उगाच मनाला लावून घेतेस." म्हणू देत. हे तिथे नव्हते. मी होते.

रविवार होता. भर दुपार. बाहेर लख्ख ऊन. भुताने अंधार पडायची वाट बघावी, असा काही नियम नसतो, हे मला तेव्हापासून कळलं.

जागा म्हणजे काकूंच्या शिवणकामाच्या दुकानामागची खोली. पूर्वी तिथे कापडाचे तागे असायचे. आता भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. तरी जायचाच. गिऱ्हाईक दचकलं की काकू सांगायच्या, "काही नाही हो, पोरं रडतायत."

पोरं म्हणायचं आपलं. सगळे तिशीपुढचे. मोठमोठ्याने, वेगाने, छातीत धडकी भरेल असं वाजवायचे. त्याला मेटल म्हणतात.

काकूंचा मुलगा बँडचा गायक. त्याला सगळे घसा म्हणायचे. खोलीही त्याच्या आईची आणि शब्दही त्याचा शेवटचा. ड्रमवाल्याला हातोडा म्हणायचे. आणि गिटार आमच्या भावोजींची.

मी तिथे काय करत होते? गाडी चालवत होते. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं ते अवजड खोकं, नेण्याएवढी गाडी घरात माझ्याकडेच होती आणि भावोजींना गाडी येत नाही.

त्या आठवड्यात घशाने भावोजींना स्पष्ट सांगितलं होतं.

"तुझ्या गिटारचा नुसता चिखल होतो. एक सूर धड कळत नाही. रेकॉर्डिंगच्या आत सुधार, नाहीतर मी दुसरा माणूस बघून ठेवलाय."

भावोजी घरी येऊन जेवले नाहीत. चौदा वर्षं त्या बँडमध्ये काढलेली. लग्न केलं नाही, धड नोकरी धरली नाही. आमच्या घरातल्या मागच्या खोलीत राहतात ते याच एका गोष्टीच्या जोरावर. ती गेली असती तर त्या खोलीत राहणारा माणूस कोण, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग त्यांनी मला समजावलं की दोष हातांचा नाही, पिकअपचा आहे.

गिटारच्या तारांखाली एक काळी पट्टी असते. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निघते. ती ॲम्पमध्ये जाते. तिथे ती इतकी फुगवतात की आवाज फाटतो. हे फाटणं म्हणजे डिस्टॉर्शन. आणि ते सुरेख फाटावं म्हणून ही माणसं आयुष्य घालवतात.

"आणि चांगला पिकअप बसवला की चिखल जाईल?"

"शंभर टक्के, वहिनी."

"मागच्या वर्षी आवाज बदलायचं ते पायाखालचं पेडल घेतलंत, तेव्हाही शंभरच होते."

ते हसले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गिटार दुरुस्तीवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. अरुंद दुकान, छताला मानेने टांगलेल्या गिटारी. दुरुस्तीवाला बोलघेवडा. त्याने काउंटरवर तीन-चार पिकअप मांडले.

"हा बॅटरीवाला. एकदम घट्ट, स्वच्छ."

"नको. कॅल्क्युलेटर वाजवल्यासारखा वाटतो," भावोजी म्हणाले.

"मग हा घ्या. दणकट चुंबक. भिंत फोडेल."

"भिंत फोडतो, पण जीव नाही त्यात."

असं अर्धा तास. लग्नाला मुलगी बघायला गेले असते तर इतक्या खोडी काढल्या नसत्या. शेवटी दुरुस्तीवाल्याने खालचा खण ओढला आणि एक पिकअप काढून ठेवला. काळा. त्यावर कंपनीचं नाव नाही, काही नाही.

"हाताने गुंडाळलेला आहे. पण एक आहे... याला मेण नाही."

मेणाची गोष्ट सांगते. पिकअप तयार झाला की तो वितळलेल्या मेणात बुडवतात. मेण वेढ्यांच्या फटीत शिरतं आणि आतली हवा बुडबुडे होऊन वर येते. बुडबुडे थांबले की बाहेर काढायचा. मग आतली तार जागची हलत नाही. मेण नसेल तर आवाज फुगवल्यावर पिकअप किंचाळतो. मेटल वाजवणाऱ्याने बिनमेणाचा पिकअप घेणं म्हणजे पावसात कागदाची चप्पल घालणं.

पण भावोजींनी कुठेतरी वाचलं होतं की मेणाने आवाज मरतो.

"असाच द्या."

दुरुस्तीवाल्याने इतक्या झटकन बसवून दिला की माझ्या मनात आलं... याला हा खणातून घालवायचाच होता.

तर तो रविवार.

भावोजींनी गिटार ॲम्पला जोडली. सगळ्यात जाड तार हाताच्या कडेने दाबली आणि वाजवायला सुरुवात केली.

मला यातलं काही कळत नाही. पण फरक मलाही कळला.

प्रत्येक घाव वेगळा ऐकू येत होता. जड. कोरडा. जणू कुणीतरी लोखंडी दार एकाच जागी परत परत आपटतंय. पुढच्या दुकानात काकूंचं मशीन थांबलं.

भावोजी थांबले.

"बाप रे..." हातोडा म्हणाला.

"बाप रे..." ॲम्प म्हणाला.

मग भावोजी हसत सुटले. "मेण नाही ना! आतली तार सैल आहे. तुमच्या बोलण्याने थरथरते. माइकसारखं काम करतो."

मग काय, खेळच झाला. हातोडा तारांजवळ वाकून शिव्या देऊन गेला, ॲम्पने त्या फाटक्या आवाजात परत दिल्या. माझ्यापुढे गिटार धरली. मी हात जोडले. म्हटलं, मला माझाच आवाज घरात पुरतो.

घशाने मात्र गिटार मांडीवरच घेतली. तोंड अगदी पिकअपला टेकवलं आणि छातीच्या तळातून गुरगुरायला लागला. मग गायला. मग नुसताच बोलला, काय काय तरी. बराच वेळ. आम्ही कंटाळलो तरी तो थांबेना.

"पुरे रे," भावोजी म्हणाले.

घशाने मान वर केली. डोळे ओले होते. "किती छान ऐकतंय हे," तो म्हणाला.

ऐकू येतंय नाही. ऐकतंय.

तेवढ्यात काकूंनी त्याला हाक मारली, वरचं कापड काढून द्यायला. तो पुढे दुकानात गेला. भावोजींनी गिटार स्टँडवर ठेवली. ॲम्प चालूच होता.

आधी नुसती घरघर होती.

मग घरघर थांबली...

आणि श्वास ऐकू आला.

हातोड्याने माझ्याकडे बघितलं. मी भावोजींकडे. आमच्यातलं कुणीही गिटारजवळ नव्हतं.

मग ॲम्पमधून घशाचा आवाज आला. अगदी सरळ, न फाटलेला.

"आई..."

"काय रे?" दुकानातून काकूंनी ओ दिली.

मी दारातून बघितलं. काकू ओ देताना मागच्या खोलीकडे वळल्या होत्या. आणि घसा त्यांच्यासमोर, शिडीवर, दोन्ही हातांत कापडाचा तागा धरून उभा होता. तोंड बंद.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. "कोण हाक मारतंय?"

भावोजींनी पुढे होऊन ॲम्प बंद केला.

बंद केल्यावरही एक क्षणभर... श्वास सोडल्याचा आवाज आला. ॲम्प थंड होताना असा आवाज होतो, असं भावोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून घशाचा आवाज बसायला लागला. आधी खरखर. मग वरचे सूर लागेनात. तो लिमलेटच्या गोळ्या चघळायचा, गळ्याला रुमाल बांधायचा. आणि इकडे तो खोलीत नसतानाही ॲम्प लावला की आतून कुणीतरी खाकरायचं. स्वच्छ, धडधाकट गळ्याने.

जेवढा इथून कमी होई, तेवढा तिथे भरे. मला असली बेरीज-वजाबाकी चटकन दिसते. बोलून काही उपयोग नव्हता.

भावोजींना काळजी वेगळीच होती. पिकअप दोन ओळींच्या मध्ये किंचाळायचा. असं रेकॉर्डिंग होणं शक्य नव्हतं.

"मेणात बुडवून आणू," ते म्हणाले.

"पण मेणाने आवाज मरतो ना?"

"वहिनी, तुम्ही गाडी काढा."

दुरुस्तीवाल्याने एका डब्यात मेण वितळवलं. तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. पिकअप तारेला बांधून हळूच आत सोडला.

बुडबुडे आले. बारीक, भराभर, जसे यायला हवेत तसे.

मग कमी झाले.

पण थांबले नाहीत.

एक मोठा बुडबुडा यायचा. मग काहीच नाही... मग परत एक. मग काहीच नाही...

दुरुस्तीवाल्याची बडबड बंद झाली. "एवढी हवा मावते कुठे यात?" तो पुटपुटला.

काउंटरवर भावोजींचा फोन वाजला. घशाचं नाव दिसत होतं. भावोजींनी हात लावला नाही. मी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"हॅलो? अरे बोल, मी वहिनी."

नुसता श्वास.

श्वास... मग बुडबुडा.

श्वास... मग बुडबुडा.

दुरुस्तीवाल्याने तार दुसऱ्या हातात घेतली. मेणावर बारीक लाटा उठल्या.

"वहिनी..." फोनमधला आवाज इतका बारीक होता की मला कान जवळ न्यावा लागला. "त्याला सांगा... काढ..."

"काढा!" मी ओरडले. "काढा ते बाहेर!"

दुरुस्तीवाल्याने तार वर ओढायला घेतली. भावोजींनी त्याचं मनगट धरलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते घाबरले नव्हते. त्यांचा चेहरा होता परीक्षेचा निकाल वाचणाऱ्या माणसासारखा.

"बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं असतं," ते म्हणाले. "मध्येच काढलं तर काम बिघडतं. हो ना?"

दुरुस्तीवाला म्हणाला, "तसं... ठेवायचं असतं खरं."

आणखी एक बुडबुडा आला. लहान.

मग आणखी एक. अगदी टाचणीच्या डोक्याएवढा.

मग मेण आरशासारखं सपाट झालं.

फोन चालूच होता. त्यातून मशीनची घरघर ऐकू येत होती आणि काकूंचा आवाज. "अरे काय झालं? बोल ना. असा काय बघतोस? बोल की रे..."

घसा त्यानंतर बोलला नाही.

डॉक्टर झाले. मोठे डॉक्टर झाले. नळी घालून बघितलं. गळ्यात काही दोष नाही, म्हणाले. एकाने तर काकूंना विचारलं, "घरात काही भांडणबिंडण?"

बँडने नवा गायक घेतला. काम अडत नाही कुणाचं. रेकॉर्डिंग झालं आणि जो तो गिटारचंच कौतुक करायला लागला. एवढं जड वाजवूनही इतकं स्वच्छ कसं? भावोजींना लोक पिकअपचं नाव विचारायचे. ते सांगायचे नाहीत. मागच्या खोलीतला माणूस आता पोस्टरवर मधोमध उभा राहायला लागला. घरात त्यांच्या ताटात आधी वाढलं जायला लागलं, हेही मी बघितलं. मीच वाढत होते.

मी एकटीच एकदा दुरुस्तीवाल्याकडे गेले.

"तो पिकअप आणला कुणी होता?"

"होता एक. आता आठवतं, फार बोलत होता. दोन तास हलेना. हवा-पाणी, बसचे नंबर, लहानपणी पडलेला दात... काहीही. जसं कितीतरी दिवसांचं बोलायचं राहिलंय."

"आणि पिकअपला तेव्हा मेण होतं?"

"असणार. त्याने उकरून, वितळवून काढलेलं होतं. डाग दिसत होते." त्याने खालचा खण उघडून परत लावला. "जाताना म्हणाला, कुणाला दिलात तर बुडवू नका."

"मग तुम्ही बुडवलात कसा?"

"बाई, गिऱ्हाईक उभं राहून सांगतंय बुडवा. मी काय पोलीस आहे?"

मी घरी येऊन भावोजींना सगळं सांगितलं. म्हटलं, "वितळवा ते मेण."

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या. तुमचा विश्वास बसतो यावर?"

"तुमचा नाही ना?"

"अजिबात नाही."

"मग वितळवायला काय हरकत आहे?"

ते बराच वेळ तार पिळत बसले. मग म्हणाले, "एवढा एक कार्यक्रम होऊ दे."

काकूंनाही मी तेच सांगितलं, एवढा एक कार्यक्रम होऊ दे. बाकीचं सगळं त्यांना मीच आधी कळवलं होतं. वेड्यात काढतील असं वाटलं होतं मला. त्या फक्त म्हणाल्या, "मी तेव्हाच ओळखलं होतं गं. आईला ओ देताना चूक होत नाही."

कार्यक्रम झाला. मग दुसरा आला.

तिसरा मोकळ्या मैदानात होता. भर उन्हाळा, दुपारची वेळ, स्टेजवर सावलीचा पत्ता नाही. शेवटच्या गाण्यात गिटार एकदम किंचाळली. भावोजींनी तारांवर हात ठेवला, तरी थांबेना. मी स्टेजच्या बाजूला होते. पिकअपच्या कडेने काहीतरी पाझरत होतं. पिवळसर, चकचकीत.

मेण उन्हाने पाघळत होतं.

माझा फोन वाजला. काकू. नुसत्या रडत होत्या.

"अगं... आत्ता... पाणी मागितलं त्याने! पाणी दे म्हणाला! स्पष्ट!"

मी भावोजींकडे बघितलं. त्यांनी गिटार गळ्यातून काढली होती आणि स्वतःच्या पाण्याच्या बाटलीतलं बर्फगार पाणी फडक्यावर ओतून पिकअपवर दाबून धरलं होतं. आई तापलेल्या पोराच्या कपाळावर धरते तसं.

"काकू? हॅलो? आता बोलतोय का तो?"

पलीकडे त्या त्याला दोन-तीनदा हाका मारताना ऐकू आल्या.

"थांबला गं," त्या म्हणाल्या.

तरी त्या दिवसापासून त्यांच्यात जीव आला. खरं आहे म्हणजे सुटकाही आहे. दर आठवड्याला मला विचारायच्या, "झाला का कार्यक्रम? आता करतील ना?" मी म्हणायचे, "करतील."

परवा भावोजी आंघोळीला गेले होते. गिटारची पेटी ते कधी उघडी टाकत नाहीत. त्या दिवशी कडी लागलेली नव्हती.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. गॅसवर पाणी तापत ठेवलं. चार स्क्रू काढले. पिकअप उचलून बघितला...

खाली मेण नव्हतं.

काचेसारखं काहीतरी होतं. कडक, पारदर्शक. नखाने खरवडलं, सुरीने खरवडलं. ओरखडाही उठला नाही. आत, अगदी तळाशी, एक बुडबुडा अडकलेला दिसत होता. वर येता येता थांबलेला.

"रेझिन आहे," दारातून भावोजी म्हणाले. केसांतून पाणी गळत होतं. "मैदानातल्या कार्यक्रमानंतर लगेच भरून घेतलं. स्टेजवर उष्णता फार असते, वहिनी. मेण टिकत नाही."

"आणि हे वितळतं?"

"नाही."

"काढता येतं?"

"काढायला गेलं तर आतली तार तुटते." त्यांनी माझ्या हातातून पिकअप घेतला, जपून. "कायमचं काम आहे."

एवढं सगळं ते इतक्या साध्या आवाजात बोलले की मी गॅस बंद केला आणि पातेलं रिकामं केलं. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

आता कोणाचं काय झालं ते सांगते, मग थांबते.

दुरुस्तीवाल्याचा खण मोकळा झाला. हातोड्याने विमानाचा प्रवास केला, फोटो पाठवतो. भावोजींना जागा मिळाली, जेवढी होती त्याच्यापेक्षा मोठी. घशाचा आवाज गेला. तो दुकानात आईला कापड बेतून देतो आणि कुठे गाडीत, कुणाच्या फोनवर बँडचं गाणं वाजलं की कात्री खाली ठेवतो. गाणं संपल्यावर उचलतो.

आणि काकू. या व्यवहारात त्यांचा कुठेच वाटा नव्हता. खोली मात्र त्यांची होती आणि मुलगा त्यांचा.

काल त्यांचा फोन आला होता. विचारत होत्या, आता कितीसे कार्यक्रम राहिलेत?

मी म्हटलं, "थोडेच राहिलेत, काकू."